जगाच्या शेवटाचं गणित मांडणारा बनारसचा पाद्री! इस्रायलच्या राजकारणाशी त्याचा काय संबंध?

केशोरी (जि. गोंदिया) : पश्चिम आशियात क्षेपणास्त्रं उडाली की केशोरीतल्या मोबाइलवरही जगाचा शेवट जवळ आल्याचे व्हिडिओ येऊन पडतात. बायबलच्या भाकितांवरून राजकारण वाचण्याची ही सवय जुनी आहे. ती राजदरबारापर्यंत नेणाऱ्यांपैकी एक होते विल्यम हेक्लर.

हेक्लर यांचा जन्म १८४५ चा, तोही बनारसचा. वडील मिशनरी. पुढे ते जर्मनीत बाडेनच्या ग्रँड ड्यूकच्या मुलाचे शिक्षक झाले आणि १८८५ पासून व्हिएन्नातील ब्रिटिश दूतावासाचे धर्मगुरू.

आता त्यांचं गणित. बायबलच्या प्रकटीकरण पुस्तकात ४२ महिन्यांचा उल्लेख येतो. महिना ३० दिवसांचा धरला तर १,२६० दिवस. हेक्लर यांनी एक दिवस म्हणजे एक वर्ष मानलं. खलिफा उमर यांच्या काळात, ६३७-३८ च्या सुमारास, जेरुसलेम मुस्लिमांच्या ताब्यात गेलं. त्यात १,२६० मिळवले की येतं १८९७-९८. तेव्हापासून ज्यू आपल्या भूमीत परतणार आणि पुढे ख्रिस्ताचं पुनरागमन होणार! बेरीज चोख आहे. मोजणी कुठून सुरू करायची, हे मात्र मोजणाऱ्यानेच ठरवलेलं.

फेब्रुवारी १८९६ मध्ये थिओडोर हर्झल यांचं ज्यू राष्ट्राची मागणी करणारं पुस्तक आलं आणि मार्चमध्ये हेक्लर त्यांच्या दारात हजर. हर्झल यांना भाकितांत रस नव्हता, त्यांना ओळखी हव्या होत्या. हेक्लर यांनी ग्रँड ड्यूकची भेट घालून दिली. ड्यूक म्हणजे कैसर विल्हेम दुसरा याच्या आत्याचे यजमान. १८९८ मध्ये हर्झल कैसरला आधी कॉन्स्टँटिनोपलला, मग जेरुसलेममध्ये भेटले. ठोस काही हाती लागलं नाही, पण चळवळीचं वजन वाढलं.

पॅलेस्टाइनमध्ये तेव्हा बहुसंख्य अरब होते. त्या बेरजेत त्यांना जागाच नव्हती. १९४८ मध्ये इस्रायल झाला, तेव्हाच्या युद्धात सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. आपल्या कोकणातले बेने इस्रायलही पुढे मोठ्या संख्येने तिकडे गेले.

सगळे ख्रिस्ती असं मानत नाहीत. पण अमेरिकेतील अनेक इव्हँजेलिकल मतदार आजही इस्रायलच्या घडामोडींत भाकितं शोधतात. २०१८ मध्ये अमेरिकेने दूतावास जेरुसलेमला हलवला, तेव्हा त्यांच्यात मोठा आनंद होता.

हेक्लर यांचं १८९७-९८ येऊन गेलं, तरी त्यांनी हर्झल यांची साथ सोडली नाही. १९३१ मध्ये लंडनला त्यांचं निधन झालं. इस्रायल व्हायला तेव्हा अजून १७ वर्षं होती.