ऊस गोड लागला म्हणून...

आमच्या भवानीनगरात दर पाच-सात वर्षांनी एक मुलगा असा निघतो की, त्याच्याबद्दल सगळ्या गावाचे एकमत होते. हा पोरगा इंडियाकडून खेळणार! मग तो कुणाचा, काय करतो, हे बाजूला राहते. कारखान्याच्या पाळीवरून सुटलेले कामगार सायकल भिंतीला टेकवून त्याची गोलंदाजी बघतात. चहाच्या टपरीवर निवड समिती बसते. एक पक्ष त्याला मुंबईला पाठवून मोकळा होतो, तर दुसरा पक्ष मान हलवतो. अंगात काही नाही, उंची बघा, मनगट बघा, चार दिवसांत गळपटेल. तो मुलगा मात्र सोळा-सतरा वर्षांचा असतो आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे त्याच्या कानावर जात असते.

पस्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे या दृश्याकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. कोवळ्या खेळाडूची निवड म्हणजे विनातारण कर्ज. मागचा हिशेब नाही, ताळेबंद नाही, जामीनदार म्हणून फार तर शाळेचे क्रीडाशिक्षक. अधिकाऱ्याने सही करायची ती अंदाजावर. अमेरिकेत बेसबॉलसाठी तर याची रीतसर यंत्रणाच आहे. १९६५ पासून तिथे दरवर्षी शाळा-कॉलेजांतली मुले निवडून संघांत वाटली जातात. त्याआधी पारखी माणसे गावोगाव हिंडतात, पोरांचा वेग मोजतात, उंची आणि खांदे बघतात आणि वहीत गुण-दोष लिहून ठेवतात. आपल्याकडे आता आयपीएलचा लिलाव आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारच्या वैभव सूर्यवंशीवर १ कोटी १० लाखांची बोली लागली, तेव्हा तो अवघा तेरा वर्षांचा होता. म्हणजे टपरीवरचीच चर्चा, फक्त आकडे मोठे.

असे काही कानावर आले की मला हटकून एक नाव आठवते. आजच्या मुलांना ते माहीत असण्याचे कारण नाही, पण त्यांच्या आजोबांना विचारून बघा. रमाकांत भिकाजी देसाई. मी त्यांना खेळताना पाहिलेले नाही. त्यांनी पहिली कसोटी खेळली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मी त्यांना ओळखतो ते वडिलांच्या पिढीच्या गप्पांतून आणि नंतर मुद्दाम जमवलेल्या धावफलकांतून. बँकवाल्याला माणूस आकड्यांतून लवकर दिसतो, असे म्हणतात. या माणसाच्या बाबतीत ते खरे ठरले.

रमाकांतचा जन्म २० जून १९३९ चा, मुंबईतला. मोठा झाला तोही फारसा नाही. उंची साडेपाच फुटांच्या आत, शरीरयष्टी किरकोळ. क्रिकेटच्या जगात त्याचे टोपणनाव पडले टायनी, म्हणजे चिमुकला. आणि या चिमुकल्याने धंदा निवडला तो वेगवान गोलंदाजाचा! वेगवान गोलंदाज म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सहा फुटी धिप्पाड गडी येतो. उंचावरून सुटलेला चेंडू जास्त उसळतो, हे साधे गणित आहे. त्या गणितात हा मुलगा बसत नव्हता. त्याला पहिल्यांदा पाहणाऱ्या कुणाच्याही मनात शंका यावी, अशीच त्याची चण होती.

पण शंकेला त्याने फार वेळ दिला नाही. १९५८-५९ च्या मोसमात तो मुंबईकडून रणजी करंडकात उतरला आणि पहिल्याच मोसमात त्याने ५० बळी मिळवले. एका बळीमागे दिलेल्या धावा सरासरी ११ च्या आसपास. वेगवान गोलंदाजांना राबवून घेणाऱ्या आपल्या खेळपट्ट्यांवर हा आकडा थक्क करणारा होता. मुंबईने त्या वर्षी करंडक जिंकला आणि तो मोसम धरून सलग पंधरा मोसम तो कुणाला दिलाच नाही. त्या प्रदीर्घ राजवटीच्या पहिल्या वर्षाचा हा बिनीचा शिलेदार अवघा एकोणीस वर्षांचा होता.

त्याच्या नावाचा एवढा बोलबाला का झाला, हे समजायला त्या वेळची परिस्थिती लक्षात घ्यावी लागते. १९३२ मध्ये भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा आपल्याकडे महंमद निसार आणि अमरसिंग अशी जोडी होती. त्यांच्यानंतर अस्सल वेगाच्या नावाने दुष्काळच. फिरकी गोलंदाज पिकत होते, वेगवान उगवत नव्हते. त्यात १९५८-५९ च्या हिवाळ्यात वेस्ट इंडिजचा संघ आला. वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट यांनी आपल्या फलंदाजांची दाणादाण उडवली. पाच कसोटींत आपण चार कर्णधार बदलले आणि मालिका ३-० अशी गमावली. घरात आग लागलेली असताना माणूस बादलीचा आकार बघत नाही. पाचव्या कसोटीसाठी रमाकांत देसाईला बोलावणे आले.

फेब्रुवारी १९५९, दिल्ली, फिरोजशा कोटला. वेस्ट इंडिजने ८ बाद ६४४ धावांवर डाव घोषित केला. होल्ट, कॉली स्मिथ आणि सॉलोमन या तिघांनी शतके ठोकली. त्या वरवंट्याखाली आमच्या या पोराचे पृथक्करण असे : ४९ षटके, १० निर्धाव, १६९ धावा, ४ बळी. सामना अनिर्णित राहिला आणि कौतुक झाले ते चार बळींचे. ते योग्यच होते. पण माझी नजर दर वेळी पहिल्या आकड्यावर अडते. ४९ षटके म्हणजे २९४ चेंडू. पहिलीच कसोटी खेळणाऱ्या, एकोणीस वर्षांच्या, किरकोळ अंगाच्या मुलाने एका डावात लांब धावत येऊन, पाठ वाकवून, पुढचा पाय आपटून २९४ वेळा चेंडू टाकला. कर्णधार हेमू अधिकारी यांच्या हाताशी वेगाचे दुसरे काही नव्हते, हे मान्यच केले पाहिजे. दोष एका माणसाचा नव्हता. गाडीला एकच बैल जुंपलेला असला की चढणीवर त्याच्याच पाठीवर कोरडा ओढला जातो, तसे ते होते.

त्याच वर्षी उन्हाळ्यात संघ इंग्लंडला गेला. पाचही कसोटी आपण हरलो. त्या पडझडीत लॉर्ड्सवर रमाकांतने ८९ धावांत ५ बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव २२६ धावांत संपला. ती कसोटी १८ जूनला सुरू झाली आणि २० जूनला, तिसऱ्याच दिवशी आटोपली. म्हणजे आपल्या पराभवाच्या दिवशी हा मुलगा वीस वर्षांचा झाला. क्रिकेटच्या पंढरीत पाच बळी, पदरी पराभव आणि संपलेले कोवळेपण, हे सगळे एकाच आठवड्यात.

पुढच्या दीड वर्षात तो देशभर घरोघरी पोहोचला. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानचा संघ आला. हनीफ महंमद म्हणजे तासन्‌तास खिळा ठोकून उभा राहणारा फलंदाज. त्याला हा चिमुकला पुन:पुन्हा सतावत राहिला. त्या मालिकेत त्याने २१ बळी घेतले. एवढ्याशा उंचीवरून अचानक नाकासमोर येणारा त्याचा उसळता चेंडू भल्याभल्यांना गोंधळवून टाकी. उंच गोलंदाजाकडून फलंदाज त्याची वाटच बघत असतो, बुटक्याकडून बघत नाही. जी उणीव म्हणून मोजली गेली होती, तीच त्याचे हत्यार झाली. पारख्यांच्या वहीत ही गोष्ट सहसा सापडत नाही, कारण तिथे उणिवा एका रकान्यात आणि गुण दुसऱ्या रकान्यात लिहायचे असतात.

याच मालिकेत मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर तो दहाव्या क्रमांकावर फलंदाजीला आला आणि ८५ धावा करून गेला. समोर महाराष्ट्राचा यष्टिरक्षक नाना जोशी. दोघांनी नवव्या जोडीसाठी १४९ धावांची विक्रमी भागी केली. माझ्या वडिलांची पिढी हा किस्सा सांगताना अजून खुर्चीत सावरून बसे. गोलंदाज म्हणून निवडलेला पोरगा संघ अडचणीत असताना फलंदाजाचेही काम करून गेला, याचे त्यांना फार अप्रूप वाटे.

आता या कौतुकाच्या आड काय चालले होते ते बघू. देसाई एकूण २८ कसोटी खेळला. बळी ७४, सरासरी ३७ च्या पुढे. नुसता आकडा बघणारा म्हणेल, साधारण गोलंदाज. पण तो आकडा कशातून आला? बहुतेक सामन्यांत दुसऱ्या टोकाला त्याच्या वेगाचा जोडीदार नव्हता. खेळपट्ट्या निर्जीव आणि नव्या चेंडूचा भार त्याच्यावर. त्या काळी व्यायामाचे शास्त्र, फिजिओ, विश्रांतीचे वेळापत्रक यांतले काहीही नव्हते. शिवाय मुंबईचे रणजी सामने होतेच. पहिल्या दर्जाच्या सामन्यांत त्याने साडेचारशेच्या वर बळी घेतले, ते त्या शरीराने.

आज जगाला काही गोष्टी कळल्या आहेत. कोवळ्या वयात हाडे आणि पाठीचे मणके पुरते घट्ट झालेले नसतात. वेगवान गोलंदाजीत पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पाठीच्या खालच्या भागावर येतो. म्हणून इंग्लंड-ऑस्ट्रेलियात कोणत्या वयाच्या मुलाने किती षटके टाकावीत याचे नियम आहेत. अमेरिकेत बेसबॉलच्या गोलंदाजाने सतराव्या-अठराव्या वर्षी दिवसाला १०५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, असे मार्गदर्शन आहे. दोन्ही खेळांची फेक वेगळी, त्यामुळे काटेकोर तुलना करता येणार नाही. तरीही १०५ आणि २९४ हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत, एवढेच माझे म्हणणे.

तरी हा गडी मधूनमधून उसळून येई. १९६४-६५ मध्ये मुंबईला न्यूझीलंडविरुद्ध त्याने ५६ धावांत ६ बळी घेतले. ती त्याची कसोटीतली सर्वोत्तम कामगिरी. वय पंचविशीचे. म्हणजे खरे तर गोलंदाज भरात येण्याचे. पण त्याचे दिवस भरत आले होते. फेब्रुवारी १९६८, न्यूझीलंडमधले ड्युनेडिन. डिक मोट्झचा चेंडू त्याच्या जबड्यावर बसला आणि हाड मोडले. त्याने बॅट खाली ठेवली नाही. बिशनसिंग बेदीला साथीला घेऊन शेवटच्या जोडीसाठी ५७ धावा जोडल्या आणि स्वतः ३२ वर नाबाद राहिला. ती कसोटी आपण जिंकली. परदेशातला तो भारताचा पहिला कसोटी विजय. रमाकांतची कसोटी कारकीर्द त्याच दौऱ्यावर संपली. वय वर्षे अठ्ठावीस.

कर्जखात्याच्या भाषेत सांगायचे तर १९५९ मध्ये ज्यांनी या मुलाच्या नावावर सही केली, त्यांचा अंदाज अचूक ठरला. शंका घेणाऱ्यांचा हिशेब चुकला. पण तारण नसलेले कर्ज मंजूर करणे हे बँकेचे अर्धेच काम. उरलेले अर्धे म्हणजे कर्जदार उभा राहतो की नाही हे बघत राहणे, हप्ता त्याला झेपेल असा बांधणे. पहिल्या सुगीतच सगळी वसुली करायची म्हटले तर खाते बंद होते, पण माणूसही बसतो. आपण रमाकांतची पारख नीट केली, जपणूक केली नाही.

नियतीची गंमत अशी की, हाच माणूस पुढे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसला. १९९६ नंतर देसाई राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष होते. तेव्हाचा काळ मला चांगला आठवतो. सचिन तेंडुलकर कर्णधार, संघ डळमळीत आणि रोजच्या वर्तमानपत्रात निवड समितीला आहेर. त्यांच्याच कारकिर्दीत, १९९७ मध्ये, मुंबईचा साडेसहा फुटी एबी कुरुविला कसोटीत आला. भारताच्या सर्वांत बुटक्या वेगवान गोलंदाजांपैकी एक अध्यक्षपदी आणि निवड झाली ती सर्वांत उंचांपैकी एकाची! समितीच्या खोलीत त्यांच्या मनात काय येत असेल, हा विचार कादंबरी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला सुटत नाही. एखाद्या पोरसवदा गोलंदाजाचे नाव पुढे आले की, त्यांना कोटलावरची ती ४९ षटके आठवत असतील का? १९९८ मध्ये प्रकृतीमुळे त्यांनी पद सोडले आणि २७ एप्रिलला हृदयविकाराने मुंबईत त्यांचे निधन झाले. साठीही गाठली नव्हती.

आता बारामतीला चांगले स्टेडियम आहे, २०२० मध्ये तिथे रणजी सामनाही झाला. आमच्या भागातले आईबाप मुलांना पुण्याच्या अकादमीत घालण्यासाठी एखादा एकर गहाण टाकायला तयार होतात. स्वप्न बघू नका, असे मी कुणालाही सांगणार नाही. एवढेच सांगेन की, तुमच्या मुलाची उंची कमी आहे म्हणून कुणी नाक मुरडले तर मनावर घेऊ नका, रमाकांतचे नाव सांगा. आणि कुणी डोक्यावर घेऊन नाचू लागले, आज सकाळी शाळेसाठी, दुपारी क्लबसाठी आणि उद्या तालुक्यासाठी त्याला गोलंदाजी करायला लावू लागले, तर तेव्हाही रमाकांतचेच नाव सांगा. शंकेने पोरे खचतात, पण कौतुकाने झिजतात ती कुणाच्या ध्यानातही येत नाहीत.

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, हे नीरा डाव्या कालव्याच्या काठावरच्या माणसाला मी काय शिकवणार? आपला तोडणीवाला कोयता जमिनीलगत चालवतो, पण बुडखा उपटत नाही. कारण त्याला ठाऊक असते, पाणी आणि थोडी उसंत मिळाली की त्याच बुडख्याला खोडवा फुटतो आणि पुढच्या हंगामात पुन्हा मोळ्या बांधता येतात. उसाच्या बाबतीत जे शहाणपण आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलो, ते पोरांच्या बाबतीत पाळायला काय हरकत आहे?