रेक्स मॅककँडलेस

रेक्स मॅककँडलेस (१९१५–१९९२) हे उत्तर आयर्लंडमधील मोटारसायकल शर्यतपटू आणि अभिकल्पक होते. नॉर्टन कंपनीच्या शर्यतीच्या मोटारसायकलींसाठी त्यांनी तयार केलेली 'फेदरबेड' चौकट मोटारसायकलींच्या इतिहासातील सर्वांत प्रभावी चौकटींपैकी एक मानली जाते.

प्रारंभिक जीवन

त्यांचा जन्म काउंटी डाउनमधील हिल्सबरो येथे झाला. अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. त्यांचे बंधू क्रोमी हेही शर्यतपटू होते व १९५१ साली मॅन बेटावरील टीटी स्पर्धेत १२५ सीसी गटात ते विजयी झाले. स्वतःच्या ट्रायम्फवर शर्यती खेळताना, वजन कोठे आहे यावर गाडीचे वळणावरील वर्तन अवलंबून असते, हे रेक्स यांच्या लक्षात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी 'बेनियल' नावाची मोटारसायकल स्वतः बांधली. तिच्या मागील चाकाला स्विंगआर्म होता आणि मोटारगाडीचे हायड्रॉलिक शॉक ॲब्झॉर्बर उभे बसवलेले होते.

फेदरबेड

नॉर्टनच्या तत्कालीन शर्यतीच्या गाड्यांची चौकट, जिला 'गार्डन गेट' म्हणत, खडबडीत रस्त्यांवर वारंवार तुटत असे. मॅककँडलेस यांनी त्याऐवजी दोन अखंड नळ्यांची वेटोळी वापरली. त्यांची टोके हँडलच्या मुळाशी एकमेकांना छेदून जोडलेली होती, त्यामुळे चौकट पिळवटत नसे. इंजिन पुढे सरकवल्याने पुढच्या टायरवर अधिक भार येऊन वळणात त्याची पकड वाढली. चालक हॅरोल्ड डॅनियल यांना ही गाडी पिसांच्या गादीसारखी वाटली आणि तेच नाव रूढ झाले.

एप्रिल १९५० मध्ये इंग्लंडमधील ब्लँडफर्ड येथे जेफ ड्यूक यांनी या गाडीवर पहिलाच विजय मिळवला. त्याच वर्षीच्या टीटीमध्ये ज्युनियर व सीनियर या दोन्ही शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टनकडे गेले.

टायरची मर्यादा

नव्या चौकटीमुळे वळणातला वेग वाढला, पण तो ताण तेव्हाच्या टायरना पेलवला नाही. जुलै १९५० मध्ये बेल्जियम व नेदरलँड्स येथील लागोपाठच्या ग्रां प्री शर्यतींत ड्यूक यांच्या टायरने दगा दिला आणि ५०० सीसी गटात त्यांना दोन्हीकडे एकही गुण मिळाला नाही. जिलेराचे उंबेर्तो मासेत्ती यांनी २८ विरुद्ध २७ गुणांनी विश्वविजेतेपद पटकावले. टायरने साथ दिली असती तर फेदरबेडला पहिल्याच हंगामात हे विजेतेपद मिळाले असते, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. पुढील वर्षी ड्यूक ३५० व ५०० सीसी या दोन्ही गटांत विश्वविजेते ठरले.

उत्तरायुष्य

१९५३ मध्ये त्यांनी नॉर्टनसाठी चालकाने गुडघे टेकून चालवायची, माशाच्या आकाराची विक्रमी गाडी तयार केली. नंतर ते चारचाकी चालनाच्या वाहनांकडे व पुढे ऑटोजायरोकडे वळले. फेदरबेड चौकट मात्र नॉर्टनच्या रस्त्यावरील गाड्यांत १९६० च्या दशकातही वापरात राहिली. तीत ट्रायम्फचे इंजिन बसवून हौशी चालक घडवत त्या गाडीला 'ट्रायटन' म्हणतात.