ब्राह्मण कीर्तनकारासारखा अभंग लिहिणारा ख्रिस्ती पाळक : रेव्हरंड टिळकांनी धर्म बदलला, पण मराठीपण सोडलं नाही

नवापूर म्हटलं की सोशल मीडियावर हमखास एकच फोटो फिरतो. रेल्वे स्टेशनवरचा तो बाक, ज्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. सुरत-भुसावळ मार्गावरच्या या स्टेशनवर चार भाषांत घोषणा होते, हेही आता बऱ्याच जणांना माहीत झालंय.

पण नवापूरची आणखी एक ओळख आहे, जी रीलमध्ये येत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या या आदिवासी तालुक्यात ख्रिस्ती लोकवस्ती मोठी आहे. मावची, भिलोरी, गुजराती आणि मराठी अशा सगळ्या भाषा इथे कानावर पडतात. जवळच्या चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल अख्ख्या पट्ट्याला ठाऊक आहे. रविवारी एखाद्या मराठी उपासनेला कधी बाहेर उभं राहून ऐकलंत, तर एक गोष्ट लक्षात येईल. गाणं येशूचं असतं, पण चाल आणि शब्द ऐकताना वारकऱ्यांच्या भजनात बसल्यासारखं वाटतं.

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये गायल्या जाणाऱ्या गीतांपैकी मोठा वाटा एका माणसाचा आहे. तो माणूस कोकणातल्या चित्पावन ब्राह्मण घरात जन्मला होता आणि त्याचं आडनाव होतं टिळक.

नाही, लोकमान्य नाही. हे नारायण वामन टिळक.

शाळेत तुम्ही त्यांना भेटला आहात. 'केवढे हे क्रौर्य' ही पक्षिणीची कविता आठवते का? ती यांचीच. फुलांवर आणि मुलांवर इतकं लिहिलं की त्यांना फुलांमुलांचे कवी असंच नाव पडलं. पण पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींच्या परिचयात त्यांच्या आयुष्यातला खरा पेच कधी मावत नाही. तो पेच असा होता, की धर्म बदलला म्हणजे भाषा, देश, घर, बायको हे सगळंही बदलायचं का?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली नारायणचा जन्म झाला. आई लवकर गेली. वडील कडक स्वभावाचे होते आणि मुलाचं त्यांच्याशी कधी जमलं नाही. पोरगा घर सोडून नाशिकला आला, संस्कृत शिकला आणि कविता करायला लागला. तिथेच जवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचं लग्न झालं. लग्नात नाव बदललं आणि मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. ती तेव्हा अकरा वर्षांची होती.

त्यानंतरची काही वर्षं म्हणजे निव्वळ भटकंती. आज इथे शिक्षक, उद्या तिथे कीर्तन, परवा तिसऱ्याच गावात कुठल्या तरी यजमानाकडे लेखनाचं काम. हातात पैसा टिकत नसे. कुणी गरजू दिसला की खिसा रिकामा. बायकोला न सांगता गाव सोडायचं आणि नंतर कधीतरी पत्र पाठवायचं, हाही प्रकार नेहमीचाच. आज कुणी असं वागलं तर त्याच्यावर मीम होतील. लक्ष्मीबाईंनी मात्र पुढे या सगळ्यावर इतकं हसत हसत लिहिलंय, की वाचणाऱ्याला टिळकांचा राग येता येता राहतो.

नागपूरला असताना धनिक आप्पासाहेब बुटींकडे त्यांना संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं. धर्मविषयावर लिखाण आणि वादविवाद चालूच होते. पण आतून मन अस्वस्थ होतं. जातिभेद पटत नव्हता आणि मूर्तिपूजाही पटेनाशी झाली होती. देश पुढे न्यायचा तर लोकांना जोडणारा एखादा धर्म हवा असं त्यांना वाटे. नवा धर्मच काढावा, इथपर्यंत विचार गेला होता.

तर झालं असं की १८९३ साली टिळक नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला निघाले. रेल्वेच्या डब्यात समोर एक गोरा साहेब बसला होता. त्या काळातल्या साहेबांचा अनुभव काही चांगला नसायचा. पण हा माणूस अदबीने वागला, गप्पा सुरू झाल्या आणि गाडी थेट संस्कृत कवींवर आली. उतरण्याआधी त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. येत्या दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती झालेले असाल, असं भाकीतही करून टाकलं. टिळकांना ते अर्थातच हास्यास्पद वाटलं.

पुस्तक वाचण्याचा शब्द दिला होता, म्हणून वाचायला घेतलं. सुरुवातीला काही पकड घेईना. मग मत्तयाच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरचं प्रवचन आलं आणि तिथे टिळक अडकले. शत्रूवर प्रेम करा, दुसऱ्या गालाचं काय करायचं, मनातला राग हाही गुन्हाच, हे सगळं तिथे होतं. कवीला जे अनेक वर्षं सापडत नव्हतं ते या तीन अध्यायांत सापडलं.

पुढचे महिने चोरून गेले. टोपणनावाने ख्रिस्ती नियतकालिकात लिहायचं आणि मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार करायचा. घरी कुणाला पत्ता नाही. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. यातही त्यांची एक अट होती, की बाप्तिस्मा परदेशी मिशनऱ्याच्या हातून नको, आपल्याच पाळकाच्या हातून हवा.

गोऱ्या साहेबाने दोन वर्षं सांगितली होती आणि हिशोब जवळपास बरोबर आला. तो साहेब कोण होता, हे टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आज धर्मांतर म्हटलं की चर्चा लगेच आमिष आणि राजकारणाकडे जाते. १८९५ साली चित्पावन ब्राह्मणाने ख्रिस्ती होणं म्हणजे आमिष दूरच, जे आहे ते सगळं गमावणं होतं. पंगतीला जागा नाही, नातलगांकडे पाणी नाही, कुळाच्या लेखी माणूस मेल्यातच जमा. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई यांनी हे आधी सोसलं होतं. टिळकांच्या बाबतीत मात्र सगळ्यात मोठी किंमत त्यांनी स्वतः मोजलीच नाही. ती लक्ष्मीबाईंनी मोजली.

लक्ष्मीबाईंना न विचारता, न सांगता हा निर्णय झाला होता. पदरात छोटा दत्तू. नवरा जिवंत, पण त्याच्याकडे जायचं तर जात सोडायची, आणि न जायचं तर विधवेसारखं दुसऱ्यांच्या घरी राहायचं. ना माहेर पूर्ण आपलं, ना सासर. काही काळ त्या पंढरपूरलाही नातलगांकडे राहिल्या. टिळकांची पत्रं येत राहिली, पत्रांत कविता येत राहिल्या. इकडे लक्ष्मीबाई आजारी पडल्या, रडल्या, भांडल्या आणि त्यात स्वतःही कविता करायला शिकल्या. अशी जवळपास पाच वर्षं गेली.

टिळकांना श्रद्धेचा धडा बहुधा चर्चपेक्षा याच पाच वर्षांनी जास्त शिकवला. प्रेमावर प्रवचन देणं सोपं आहे, पण ज्या माणसाचं आपण घर मोडलं त्याच्याशी धीराने वागणं अवघड. टिळकांनी दुसरं लग्न केलं नाही, बायकोवर जबरदस्तीही केली नाही.

अखेर लक्ष्मीबाई नवऱ्याकडे राहायला आल्या, पण आपल्या अटींवर. सोवळं सांभाळायचं, स्वयंपाक-पाणी वेगळं. टिळकांनी ते मान्य केलं. म्हणजे एकाच माणसाच्या संसारात एकीकडे येशूची प्रार्थना आणि दुसरीकडे कडक सोवळं. मग एके दिवशी लक्ष्मीबाईंच्याच मनात प्रश्न उभा राहिला, की ही जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळालं तेव्हा त्यांनी आधी शिवाशीव सोडली, कुणाच्याही हातचं पाणी घ्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० साली. नवऱ्याने सांगितलं म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपल्या हिशोबाने, आपल्या वेळेला झाल्या.

ते साल दुष्काळाचं होतं. अहमदनगर, राहुरीचा भाग होरपळत होता. अनाथ पोरं टिळकांच्या घरात यायला लागली. ती आणायचे टिळक, आणि त्यांच्या पोटाची चिंता करायच्या लक्ष्मीबाई. हा क्रम आयुष्यभर बदलला नाही.

१९०४ साली टिळकांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले. नगरच्या ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या शाळेत ते शिकवायचे. १८४२ साली सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या मिशनच्या पत्राचा मराठी भाग १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी सांभाळला. कागदावर पाहिलं तर सगळं छान चाललं होतं.

पण त्यांना एक गोष्ट खुपत होती. ख्रिस्ती मराठी माणूस प्रार्थनेला बसला की त्याच्या तोंडी इंग्रजी चालीवर बसवलेली भाषांतरित गाणी यायची. शब्द मराठी, पण कान परके. ज्याने ज्ञानेश्वर-तुकारामांवर मन पोसलं त्याला हे कसं पटणार? आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो, असं ते मानायचे. तो पूल पाडायची त्यांची तयारी नव्हती.

मग त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, पदं लिहिली. ख्रिस्ती कीर्तन नगरकडे त्यांच्या आधीच सुरू झालं होतं, त्यात त्यांनी जीव ओतला. 'अभंगांजली'तले अभंग वाचले तर ते प्रवचन वाटत नाहीत, डायरी वाटतात. आज मन लागत नाही, आज रागावलो, आज तू जवळ आहेस असं वाटलं, आज अजिबात वाटलं नाही, असा तो सूर आहे. येशू त्यात कधी गुरू, कधी सखा, तर कधी आई होऊन येतो. विठोबाला माउली म्हणणाऱ्या भाषेत हे होणारच होतं. पण इंग्रजी प्रार्थनापुस्तकावर वाढलेल्या मंडळींना ते नवं होतं. आणि मंडळीत बसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ते पहिल्यांदा ऐकून म्हणता येत होतं.

आता खानदेशाशी टिळकांचं नातं. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे धरणगावच्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोंबरे या मुलाची कविता सगळ्यांना चकित करून गेली आणि त्याला बालकवी ही पदवी मिळाली. टिळकांनी या मुलाला नगरला आपल्या घरी आणलं. लक्ष्मीबाईंनी त्याला लेकासारखं वागवलं, त्याच्या लहरी सोसल्या, त्याच्याशी भांडल्याही. निसर्गकवी म्हणून आज आपण ज्याला ओळखतो, तो काही काळ एका ख्रिस्ती पाळकाच्या घरात वाढला. आणि त्याने धर्म बदलावा म्हणून त्या घराने त्याच्यावर कसली सक्ती केली नाही. बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिले. मे १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली त्यांचा मृत्यू झाला, तो टिळकांच्या घराला आपलं माणूस गेल्यासारखाच लागला.

त्याच्या आदल्याच वर्षी टिळकांनी स्वतःच्या आयुष्यात आणखी एक उलथापालथ केली होती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला. वय पंचावन्नच्या पुढे, तब्येत बरी नाही, शिल्लक तर कधीच नव्हती. तरीही संन्यास घेतला आणि साताऱ्याला मुक्काम हलवला. तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. कल्पना साधी होती, पण तेव्हाच्या चर्चला झेपणारी नव्हती. ख्रिस्ताला मानणारा माणूस बाप्तिस्मा घेतलेला असो की नसो, तो या दरबारात भाऊ. मिशनचा पैसा नाही, परदेशी ताबा नाही, पंथांच्या भिंती नाहीत. ख्रिस्त पश्चिमेचा नव्हे, आपला आहे, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं.

मिशनऱ्यांशी त्यांचं वैर नव्हतं. उलट अनेकांशी घट्ट मैत्री होती. पण पगार देणारा साहेब आणि घेणारा मराठी पाळक, या नात्यात बरोबरी येणार नाही हे त्यांना बावीस वर्षांत पुरतं कळलं होतं. स्वराज्याची चर्चा रंगात असतानाचे हे दिवस. चर्चमध्येही स्वराज्य हवं, एवढंच ते एका अर्थाने मागत होते.

दरबार फार काळ चालला नाही, कारण टिळकच राहिले नाहीत. आजार बळावला, मुंबईला जे. जे. हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागलं आणि ९ मे १९१९ रोजी ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं दफन न करता दहन करण्यात आलं.

टेबलावर एक अर्धवट काम राहिलं होतं. 'ख्रिस्तायन' नावाचं, ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र. टिळकांचे सुरुवातीचे काहीच अध्याय झाले होते. ते पुढे न्यायला कोण बसलं? शाळेचं तोंड न पाहिलेल्या, जोडाक्षरांशी झुंजणाऱ्या लक्ष्मीबाई. बहुतेक सगळे अध्याय त्यांचे आहेत. शिवाय मधल्या काळात त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिलं. त्याचा पहिला भाग १९३४ साली आला आणि मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत ते आजही पहिल्या रांगेत आहे. आज टिळक आपल्याला जेवढे माणूस म्हणून कळतात, ते विसरभोळे, हट्टी, उधळे, रागीट आणि तितकेच प्रेमळ टिळक, ते याच पुस्तकामुळे.

लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या. 'ख्रिस्तायन' छापून बाहेर आलं ते १९३८ साली. तेव्हा लिहिणाऱ्या दोघांपैकी कुणीच ते हातात घ्यायला उरलं नव्हतं. आईवडिलांचं साहित्य जपायचं काम तोवर देवदत्त टिळकांकडे आलं होतं. म्हणजे तोच दत्तू, बाप ख्रिस्ती झाल्यावर पाच वर्षं आईच्या पदराला धरून नातलगांच्या दारोदार राहिलेला.