डॉ. थॉमस ॲडिसन : एका अबोल डॉक्टरांची गोष्ट



सुट्टीत भारतात जाऊन आलं की आपण सगळेच थोडेफार रापलेले असतो. कोणी विचारलंच तर ऊन लागलं म्हणून सोडून देतो. पण ऊन नसतानाही कातडी काळवंडू लागली, वजन उतरू लागलं आणि जिना चढायचं त्राण राहिलं नाही तर? या खुणा एकत्र जोडून त्यामागचा आजार प्रथम ओळखला तो लंडनच्या डॉ. थॉमस ॲडिसन यांनी. या वेळी आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

ॲडिसन यांचा जन्म १७९३ सालचा, न्यूकॅसलजवळच्या लाँग बेंटन गावचा. वडिलांचा किराणा आणि पिठाचा व्यापार होता. मुलगा हुशार. लॅटिन इतकं पक्कं की व्याख्यानांची टिपणं तो लॅटिनमध्येच घेत असे! १८१५ मध्ये एडिंबरा विद्यापीठातून डॉक्टर होऊन ते लंडनला आले आणि पुढे गायज हॉस्पिटलचेच होऊन गेले. लंडन ब्रिजजवळचं हे हॉस्पिटल आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. मूत्रपिंडाच्या विकारांवर काम करणारे रिचर्ड ब्राइट आणि ज्यांच्या नावाने एक कर्करोग ओळखला जातो ते थॉमस हॉजकिन, हे दोघेही त्या काळी तिथेच होते.

ॲडिसन स्वभावाने फार बुजरे. लोकांना मात्र ते गर्विष्ठ वाटत. खाजगी प्रॅक्टिस त्यांनी फारशी वाढवली नाही. त्यांचं सगळं लक्ष रोगनिदानात. रोग्याला नीट तपासायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं आणि कारण सापडेपर्यंत स्वस्थ बसायचं नाही, ही त्यांची पद्धत. विद्यार्थ्यांचा त्यांच्यावर मोठा जीव होता.

काही रोगी रक्त कमी होऊन दगावत, पण कारण कळत नसे. ॲडिसन त्याचा शोध घेत होते. १८४९ मध्ये त्यांनी लंडनच्या डॉक्टरांपुढे याविषयी पहिलं निवेदन केलं. शवविच्छेदनात त्यांना काही रोग्यांच्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथी, खराब झालेल्या दिसल्या. या ग्रंथींचा शरीराला उपयोग काय, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. शोधायला गेले एक आणि सापडलं दुसरंच! पण ॲडिसन यांनी ते बाजूला टाकलं नाही. १८५५ मध्ये त्यांनी ११ रोग्यांची हकिगत सांगणारं सचित्र पुस्तक काढलं. अतोनात थकवा, क्षीण नाडी, पोटाच्या तक्रारी आणि कातडीचा बदललेला रंग, अशी लक्षणं त्यात नोंदवली होती. त्यातल्या बऱ्याच जणांच्या ग्रंथी क्षयरोगाने पोखरल्या होत्या.

एडिंबरात काहींनी शंका घेतली. पॅरिसच्या डॉ. त्रूसो यांनी मात्र या आजाराला ॲडिसनचंच नाव दिलं. १८५६ मध्ये ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं की या ग्रंथी काढल्या तर प्राणी जगत नाहीत.

आज आपल्याला कारणही माहीत आहे. या ग्रंथी कॉर्टिसॉल आणि शरीरातलं मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन तयार करतात. ती कमी पडली की रक्तदाब उतरतो, उभं राहताना चक्कर येते, खारट खावंसं वाटतं. मग मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी त्यांना जागं करण्यासाठी जोरात संदेश पाठवू लागते. त्याच संदेशाने कातडीतल्या रंगपेशीही चेतवल्या जातात, म्हणून रंग काळवंडतो.

ॲडिसन यांना स्वतःला मात्र नैराश्याने ग्रासलं होतं. १८६० मध्ये त्यांनी हॉस्पिटल सोडलं आणि त्याच वर्षी २९ जूनला ब्रायटन इथे स्वतःचं जीवन संपवलं. कंबरलँडमधल्या लॅनरकॉस्ट इथे त्यांना पुरलं. दुसऱ्यांचे आजार ओळखण्यात हयात गेली, पण त्यांच्या मनाच्या आजारावर त्या काळी औषध नव्हतं. त्यांच्या नावाच्या आजारावरही नव्हतं. ते यायला जवळजवळ एक शतक गेलं. कॉर्टिसोनवरच्या कामाला १९५० चं नोबेल पारितोषिक मिळालं. जॉन केनेडी यांना १९४७ मध्ये लंडनमध्येच हा आजार असल्याचं निदान झालं होतं. औषधांच्या आधारावर ते ॲडिसन यांच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९६० मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले.

म्हणजे औषध आहे, अडचण आहे ती ओळखण्याची. ॲडिसन यांचे रोगी गोरे होते, त्यामुळे बदललेला रंग डोळ्यात भरायचा. आपल्या सावळ्या रंगावर तो सहज नजरेतून सुटतो, आणि इथल्या डॉक्टरांना आपला मूळ रंग कुठे माहीत असतो? तो घरच्यांनाच माहीत! म्हणून हिरड्या, गालांची आतली बाजू, तळहाताच्या रेषा आणि जुने व्रण पाहावेत. तिथे नवे काळपट डाग दिसले आणि थकवा, वजन घटणं, चक्कर अशी लक्षणंही असली, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. पूर्वी क्षय झाला असेल तर तेही लपवू नये. निदानाची सुरुवात सकाळच्या साध्या रक्ततपासणीने होते. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने बंद करू नयेत, ते जिवावर बेतू शकतं.

मन खचलं असेल तर तेही आजार म्हणूनच सांगावं, लाजू नये. ॲडिसन यांच्या काळी मदत नव्हती, आज आहे.

पुढच्या वेळी लंडन ब्रिजवरून जाल, तेव्हा या अबोल डॉक्टरांची आठवण जरूर काढा. आणि घरी फोन कराल तेव्हा आई-बाबांना तब्येतीचं जरा खोदून विचारा!