दौलताबाद हाती येईपर्यंत

वाचकहो, आपले अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, एका फसलेल्या वेढ्यातून वसले हे आपणांस ठाऊक आहे काय?

निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद जुन्नरास राहून राज्य करी. दौलताबाद मलिक वजीह व मलिक अशरफ या दोघा भावांकडे होते. वजीहला अहमदने आपली बहीण दिली. अशरफने वजीहचा व त्याच्या लहानग्या मुलाचा खून करून किल्ला बळकावला, तेव्हा ती बहीण भावाकडे दाद मागू लागली.

अहमदने दोन महिने वेढा दिला. पण तो तासलेला कडा आणि तो खंदक! हात हलवीत परतावे लागले. मग 1494 साली जुन्नर व दौलताबाद यांच्या मध्यावर, भिंगारजवळ सीनेकाठी, त्याने नवे शहर वसविण्यास घेतले. तेथून दर साल दोनदा, सुगीच्या वेळी, फौज जाई व दौलताबादभोवतीची पिके उद्ध्वस्त करी. (ज्या कुणब्यांची पिके गेली त्यांचे काय झाले असेल? वर्गात हा भाग शिकविताना माझी जीभ अडखळते.)

असे सुमारे पाच वर्षे चालले. 1499 मध्ये अशरफ मरण पावला आणि शिबंदीने किल्ल्याच्या चाव्या आपण होऊन अहमदच्या स्वाधीन केल्या.