मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे

इरावतीबाई कर्वे हे नाव मराठी वाचकाला बहुधा ‘युगान्त’मुळे माहीत असते. १९६७ साली निघालेल्या या पुस्तकाला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले आणि महाभारतातल्या माणसांकडे माणसे म्हणून पाहण्याची सवय महाराष्ट्राला लागली. पण बाईंचा खरा व्यवसाय निराळा होता. त्या मानवशास्त्रज्ञ होत्या. माणसांचे गट कसे बनतात, ते कोणाशी सोयरीक करतात, कोणाशी करीत नाहीत, एका गावात राहूनही वेगळे कसे राहतात, या शोधात त्यांचे सारे आयुष्य गेले. या शोधाची सुरुवात झाली ती बर्लिनमध्ये, आणि तीही अशा एका प्राध्यापकाच्या हाताखाली की ज्याचे नाव आपण इस्राएलात राहणाऱ्यांनी तरी ध्यानात ठेवावे.

बाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात म्यिंजान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या कंपनीत नोकरीस होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले. सातव्या वर्षी तिला पुण्यास हुजूरपागेत शिकावयास धाडले. पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी ती त्यांच्या मुलीबरोबर वाढली. देवधर्म न मानणारे, पुस्तकांनी भरलेले ते घर. १९२६ साली त्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवीधर झाल्या आणि मुंबईस डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकू लागल्या. प्रबंधाला विषय घेतला तो आपल्याच जातीचा, चित्पावन ब्राह्मणांचा.

याच सुमारास दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. सासरे महर्षी कर्वे. विधवांच्या शिक्षणासाठी या थोर पुरुषाने लोकांचे शिव्याशाप सोसले, पण सुनेने जर्मनीला जाऊन शिकावे हे काही त्यांना पसंत पडेना! थोरांच्या घरातही अशा गोष्टी व्हावयाच्याच. दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले होते. त्यांनी पत्नीची बाजू धरली. डॉ. जीवराज मेहता यांनी कर्जाऊ पैसे दिले आणि १९२८ च्या अखेरीस बाई बर्लिनला पोहोचल्या.

तेथे त्यांचे गुरू झाले ऑयगेन फिशर. जर्मनांच्या ताब्यातील नैऋत्य आफ्रिकेत जाऊन त्यांनी मिश्र रक्ताच्या लोकांची मोजमापे केली होती आणि वंशावंशांत उच्चनीच असते असे प्रतिपादन केले होते. १९२७ साली बर्लिनमध्ये मानवशास्त्राची मोठी संस्था निघाली, तिचे ते संचालक होते. संस्थेकडे कवट्यांचा मोठा साठा होता. फिशरसाहेबांचा सिद्धान्त असा की, गोऱ्या युरोपियनांची बुद्धी अधिक वाढलेली, म्हणून त्यांच्या कवटीच्या उजव्या आणि डाव्या बाजूंत फरकही अधिक असला पाहिजे. इतर वंशांत तो कमी दिसेल. हे मोजून दाखविण्याचे काम पुण्याहून आलेल्या या विद्यार्थिनीकडे आले.

बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. युरोपातल्या मोजल्या, युरोपाबाहेरच्याही मोजल्या. कवटीच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात, हे खरे निघाले. पण ते सगळ्यांच्याच बाबतीत. गोऱ्यांत जास्त, इतरांत कमी असा वंशाप्रमाणे फरक काही सापडला नाही. आता विचार करा. परका देश, कर्जावर चाललेले शिक्षण, परक्या भाषेत लिहावयाचा प्रबंध, आणि त्यावर शेरा मारणारे तेच गुरू. आकडे जरा इकडचे तिकडे केले असते तर कोणाला कळणार होते? बाईंनी जे मोजले तेच लिहिले. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली व पुढच्या वर्षी प्रबंध छापला गेला.

गुरूंचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९३३ साली, हिटलर सत्तेवर आल्यावर, फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या संस्थेने नाझींच्या वंशविषयक कायद्यांना शास्त्राचा आधार पुरविला. १९४२ मध्ये त्यांच्या जागी फेरशूअर आले. त्यांचाच शिष्य योसेफ मेंगेले. त्याने आउश्वित्समधून याच संस्थेकडे माणसांचे अवयव पाठविले. फिशरवर कधी खटला झाला नाही. १९६७ साली ते म्हातारपणाने वारले. २०१४ मध्ये संस्थेच्या जुन्या इमारतीजवळ खोदकाम चालले असता माणसांची हाडे निघाली.

पुण्यास परतल्यावर बाईंनी काही वर्षे महिला विद्यापीठात रजिस्ट्रारचे काम केले आणि १९३९ मध्ये त्या डेक्कन कॉलेजात आल्या. मोजमाप त्यांनी सोडले नाही. हे मला नवलाचे वाटते, आणि काही टीकाकारांना ते खटकतेही. पण बर्लिनमध्ये जे वंशाला श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याचे हत्यार होते, ते त्यांच्या हाती आल्यावर प्रश्न बदलला. तो असा: आपण ज्याला एक जात म्हणतो ती खरोखर एक आहे काय?

डॉ. घुर्ये मानीत की एकाच समाजाचे तुकडे पडत जाऊन पोटजाती झाल्या. बाईंनी गुरूंच्या विरुद्ध मत मांडले. महाराष्ट्रातले कुंभार पाहा. मोठे चाक वापरणारे वेगळे, लहान चाक वापरणारे वेगळे. त्यांच्यात बेटीव्यवहार नाही. ते एकाचे तुकडे नसून मुळातच वेगळे गट, धंदा एक म्हणून नाव एक. ब्राह्मणांतल्या आठ पोटजातींची शरीरमापे व रक्तगट त्यांनी सहकाऱ्याबरोबर तपासले, तेव्हा एकाच पायरीवरचे हे गटही आपापसांत वेगळे निघाले. जात म्हणजे नातेवाइकांचे मोठे जाळे, आणि हिंदुस्थानी समाज अशी अनेक जाळी शेजारीशेजारी ठेवून बनलेला.

हे वाचताना आपला शनवार तेली आठवल्याशिवाय राहत नाही. कोलाबा जिल्ह्यातल्या गावकऱ्यांनी आपल्या पूर्वजांना घाण्यावरून ओळखले, तेल्यांच्या रांगेत बसविले, पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे तेली निराळे हेही ते जाणून होते. धंदा तोच, नाव जवळजवळ तेच, लग्ने मात्र आपापल्यात. १९६२ ते १९६४ या काळात इस्राएलमध्ये आपल्या विवाहांविषयी शंका काढल्या गेल्या. तेव्हा रब्बींच्या दारी पिढ्यापिढ्यांच्या सोयरिकी सांगाव्या लागल्या, त्या याच जाळ्यातल्या.

एका ठिकाणी मात्र बाईंशी आपले जमत नाही. त्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या, त्यावर सुंदर लेख लिहिला, आणि जे लोक पंढरीला जातात त्यांचा देश तो महाराष्ट्र अशा अर्थाची खूण ठरविली. त्या खुणेने आपण महाराष्ट्राबाहेर पडतो. घरात मराठी बोलणारे आणि मलिद्याला नारळ खोवणारे आपण वारीला कधी गेलो? पण त्याच लेखात त्यांनी वारीचे गोडवे गाऊन हात धुतले नाहीत. एकाच दिंडीतल्या ब्राह्मण बाया आणि मराठा बाया वेगवेगळ्या जेवतात, हेही त्यांनी नोंदले, आणि ते त्यांना लागले. डोळ्यांना जे दिसले ते लिहावयाचे, ही बर्लिनची सवय.

पुण्याच्या रस्त्यावरून स्कूटर चालविणाऱ्या त्या पहिल्या बाई असे म्हणतात. नवऱ्याला नावाने हाक मारीत. त्या काळी सदाशिव पेठेत याची चर्चा प्रबंधापेक्षा अधिक झाली असावी. अखेरच्या वर्षांत त्या कोयना धरणाने उठविलेल्या लोकांची पाहणी करीत होत्या. कोणाला कोठे जमीन मिळाली, भावकी एकत्र राहिली की विखुरली, हे त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्याबरोबर विचारून विचारून लिहून काढले. तो अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, इरावतीबाईंचे पुण्यात निधन झाले.