वालचंदशेठ आणि आमची पद्मिनी

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत लिहायला बसलं की ऱ्हस्व-दीर्घाशी मारामारी ठरलेली! तरी या वर्षी मराठी विभागासाठी लेख देते असं कबूल केलं, कारण एक विषय गेले काही महिने डोक्यातून जातच नव्हता.

सुरुवात मेसमध्ये झाली. टोयोटाची सुप्रा ही स्पोर्ट्‌स कार २००२ साली बंद झाली आणि २०१९ मध्ये नव्या रूपात परत आली. पण आली ती बीएमडब्ल्यूचं इंजिन घेऊन, आणि बनली ऑस्ट्रियात. झालं! आमच्या टेबलावर दोन तट पडले. एक गट म्हणे, इंजिन दुसऱ्याचं असेल तर ती सुप्रा कसली? दुसरा गट म्हणे, आधी चालवून बघा आणि मग बोला. (आमच्यापैकी कुणीच ती चालवलेली नव्हती, हा भाग वेगळा.) भांडण रंगात आलं असताना एकजण सहज बोलून गेला की आपल्या देशाने यावर बोलूच नये, आपण वर्षानुवर्षं परदेशी गाडीचे नट आवळत बसलो.

मला ते लागलं. कारण माझ्या आजोबांनी आयुष्यभर तेच केलं. लांज्याहून मुंबईला गेलेले ते चाकरमानी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये फिटर होते. निवृत्तीनंतर गावी आले ते एक जुनी पद्मिनी घेऊन. ती आज आमच्या घरामागच्या मांगरात ताडपत्रीखाली उभी आहे. बाबा म्हणतात भंगारात देऊ. आजोबा काहीच म्हणत नाहीत.

मग मी लायब्ररीत जाऊन ज्या माणसाने तो कारखाना काढला त्याच्याबद्दल वाचायला घेतलं. वालचंद हिराचंद दोशी. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजमुळे नाव आपल्या सगळ्यांना माहीत असतं, माणूस मात्र माहीत नसतो. निदान मला तरी नव्हता.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. गुजराती जैन व्यापारी घराणं. आई ते तान्हे असतानाच गेली. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, पण घरच्या व्यापारासाठी शिक्षण अर्ध्यावर सोडलं. म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजला ज्याचं नाव दिलं, तो इंजिनिअर तर नव्हताच, पदवीधरसुद्धा नव्हता!

धान्य-कापसाच्या व्यापारात त्यांचं मन रमलं नाही आणि यशही आलं नाही. मग लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाबरोबर भागीदारी करून बार्शी लाईट रेल्वेचं कंत्राट घेतलं. तिथून गाडी रुळावर आली. पुढे बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांसारखी अवघड कामं त्यांच्या हातून झाली. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी केली.

दरम्यान १९१९ साली त्यांनी आणि नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून लॉयल्टी नावाची जुनी बोट विकत घेतली आणि सिंधिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला ती बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळतात. बोट इंग्रजांच्या बांधणीची, पण मालकी आपली. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून सिंधियाला बुडवायचा प्रयत्न केला. शेवटी १९२३ मध्ये करार करावा लागला आणि त्यात सिंधियाच्या पदरात फार थोडं पडलं. पण कंपनी टिकली. कोकणच्या किनाऱ्यावर बोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनीही पुढे सिंधियाच्याच ताब्यात आली. आमच्याकडच्या जुन्या माणसांनी रत्नागिरीहून मुंबईचा बोटीचा प्रवास खूप केलाय, पण त्यामागे वालचंद होते हे मला आत्ता कळलं.

आता गाडीची गोष्ट. मोटारी भारतातच बनाव्यात असं विश्वेश्वरय्यांप्रमाणे वालचंदांनाही वाटत होतं. त्यासाठी १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलले, क्रायस्लरशी बोलले. परतताना विमानात त्यांची विल्यम पॉली या विमान व्यावसायिकाशी गाठ पडली. गेले होते मोटारीसाठी आणि डोक्यात विमान घेऊन आले! म्हैसूर सरकारला भागीदार करून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. आजच्या एचएएलचं मूळ ते. पण महायुद्ध चालू होतं. १९४२ मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना आपल्या हाती घेतला.

विशाखापट्टणमलाही तसंच. १९४१ मध्ये जहाज कारखान्याची पायाभरणी झाली, १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते जलउषा हे जहाज पाण्यात उतरलं आणि १९५२ मध्ये त्या कारखान्याची बहुतांश मालकी सरकारकडे गेली.

मोटारीच्या कारखान्याला इंग्रज सरकारने युद्धाचं कारण दाखवून मदत नाकारली होती. तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू झाली. १९४७ मध्ये क्रायस्लरच्या मदतीने कुर्ल्यात गाड्या जोडायला सुरुवात झाली. मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५१ मध्ये छोटी फियाट ५०० आली. पण १९४९ मध्येच वालचंदांना अर्धांगवायूचा झटका आला होता. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमध्ये सिद्धपूरला ते गेले. ज्या फियाट ११०० मुळे कारखान्याचं नाव घरोघरी झालं, तिची भरभराट त्यांनी पाहिलीच नाही.

हे सगळं मी सुट्टीत आजोबांना सांगितलं, तर ते हसायलाच लागले. म्हणाले, सुप्रावरून भांडताय ते काय नवीन आहे का? १९५४ च्या सुमाराला आलेल्या ११०० चं नाक बघून मुंबईकरांनी तिला डुक्कर फियाट म्हटलं. तिचं पुढचं दार उलट्या बाजूने उघडायचं. मग मागे पंखासारखे शेपटे आले, तेव्हा जुनीच बरी म्हणणारे निघाले. १९७० च्या दशकात तीच गाडी आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. १९८५ मध्ये ११८ एनई आली, बॉडी फियाटची आणि इंजिन निस्सानचं. तेव्हाही चहाच्या टपरीवर हाच वाद, ही फियाट की निस्सान? शेवटी शेवटी स्टिअरिंगचा गिअर खाली फ्लोअरवर आला, तर टॅक्सीवाले त्यावरही कुरकुरले.

मग मी धीर करून मेसमधलं ते नट आवळण्याचं वाक्य सांगितलं. आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले की आधी पेट्यांतून सुटे भाग यायचे ते आम्ही जोडत होतो. मग एकेक भाग इथेच करायला लागलो. जोडताना हातात भाग आला की तो कसा केलाय ते कळतं, पुस्तकात बघून कळत नाही.

मला वाटतं वालचंदांनी हेच केलं. बोट दुसऱ्याची, विमानाचा नकाशा दुसऱ्याचा, मोटार दुसऱ्याची. पण करणारे हात इथले असावेत हा त्यांचा हट्ट. यात कमीही होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. पद्मिनी वर्षानुवर्षं फारशी बदलली नाही, स्पर्धा नव्हती म्हणून खपली, आणि मारुती आल्यावर मागे पडली. नवीन डिझाईन करायला शिकणं राहूनच गेलं. ते काम आता आपलं, म्हणजे या कॉलेजमधल्या आपल्यासारख्यांचं आहे. प्लेसमेंटच्या फॉर्मवर मी आयटीच्या आधी मोटार कंपनीचं नाव लिहिलं, ते याच विचाराने. पॅकेज कमी आहे. घरी अजून सांगितलेलं नाही. आता हा अंक घरी गेला की कळेलच!

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. आमची अजून मांगरात आहे. बाबांनी मे महिन्यापर्यंत मुदत दिली आहे, तोवर चालू झाली तर राहील. कार्ब्युरेटर आजोबांनी खोलून ठेवलाय, पण त्यांचे हात आता थरथरतात. तेव्हा सुप्रावाल्या दोन्ही गटांना जाहीर आमंत्रण. मे मध्ये लांज्याला या, आंबे-फणस आमच्याकडून, स्पॅनर तुमचे.